अभ्रकगडची तिसरी सून

१

सरदारीण सांजलला कुणीतरी खुनी करून ठेवलं होतं, आणि त्या पानावर लेखिका म्हणून नाव होतं मेहविशचं.

स्वरदाने ते पान लॅबमध्ये उभ्याउभ्याच वाचलं आणि तिच्या कानशिलांत ठणका सुरू झाला. सांजल काही कुणी खरी बाई नव्हती. ती होती हिमाळ नावाच्या देशातली, आणि हिमाळ हा देश नाशिकच्या पाच जणांनी दर शनिवारी इंदिरानगरच्या एका ऑफिसात बसून रचला होता. ऑफिस देवव्रतसरांचं, जाहिरातींचं. देशाचा नकाशा, राजे आणि लढायांची कारणं त्यांची. वंशावळी धवलच्या. सैन्यं आणि व्यापारी तांडे किशोरचे. कुठे बर्फ पडेल, कुठे काय पिकेल, हे ठरवायचं काम स्वरदाचं, कारण ती रसायनशास्त्र शिकलेली आणि द्राक्षबागांची माती व पानांचे देठ तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला. मेहविश सगळ्यांत शेवटी आली. ती मालेगावची, नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट. तोवर सगळं वाटून झालेलं. तिच्या वाट्याला आल्या वंशावळीतल्या उरलेल्या बायका, ज्यांची नुसती नावं होती.

त्यातली एक सांजल. अभ्रकगडच्या घराण्याची तिसरी सून. मेहविशने तिच्यावर आठच ओळी लिहिल्या होत्या:

"सांजल, तिसऱ्या मुलाची विधवा. वेढ्याच्या हिवाळ्यात कोठाराची किल्ली तिच्याकडे होती. थोरल्याने मागितली, तिने दिली नाही. मधल्याने मागितली, तिने दिली नाही. ही किल्ली गादीची नव्हे, भुकेची आहे, असं म्हणाली. रोज सकाळी स्वतः कोठार उघडून तिने पोरांना धान्य वाटलं. वेढा उठला तेव्हा गडावरचं एकही मूल दगावलेलं नव्हतं. तिचं पुढे काय झालं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही."

दर महिन्याला हे पाच जण एका हॉलमध्ये हिमाळच्या गोष्टी सांगायचे. राजे ऐकून लोक टाळ्या वाजवायचे, पण नंतर जिन्यात गाठून विचारायचे ते सांजलबद्दल. मुंबईच्या एका ऑडिओ कंपनीलाही तीच हवी झाली. मालिका सांजलवर, लेखिका मेहविश. देवव्रतसरांनी सगळ्या गोष्टींचं बाड एकत्र करून कंपनीला पाठवलं आणि त्या बाडात आठ ओळींच्या जागी हे पान निघालं.

पानावर सांजलने दोन्ही दिरांना आणि त्यांच्या मुलांना मेजवानीला बोलावलं होतं. त्याआधी पावसाळा सरल्यावर तिच्या दासी छाटलेल्या द्राक्षवेलींमधून फिरल्या होत्या. फडकी लाल रसात बुडवून त्यांनी वेलींचे डोळे जागे केले होते. तोच रस सांजलने हात धुवायच्या गुलाबपाण्यात मिसळला. जेवण सगळ्यांचं एकच. ज्यांनी वर मद्य घेतलं त्यांचे चेहरे लाल झाले, छाती धडधडू लागली आणि ते कोसळले. ज्यांनी पाणी प्यायलं ते धडधाकट बसून राहिले. मेलेल्यांत थोरल्याची लहान मुलंही होती, त्यांनाही घोटभर मद्य पाजलेलं.

कंपनीच्या इंदिरा मॅडमनी फोन करून सांगितलं होतं की, एक नोकरी करणारी फार्मासिस्ट विषाची कृती लिहिते, हे त्यांना परवडणारं नाही. शनिवारी त्या नाशिकला येणार होत्या, निर्णय तेव्हा. देवव्रतसरांनी ग्रुपवर लिहिलं होतं की फार्मसी कौन्सिलला कळवणं आपलं नैतिक कर्तव्य ठरतं. तसं झालं असतं तर मालिकाच काय, मेहविशची नोकरीही गेली असती, आणि त्या नोकरीवर मालेगावचं घर चालत होतं.

मेहविश लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. रडून झालेलं होतं, आता तोंड दगडासारखं.

"मी नाही लिहिलं हे."

"माहितीये मला."

"पण घोटाळा सांगू का, स्वरदा? हे विष खोटं नाहीये. असं होतं. दारू सोडवायची गोळी आम्ही विकतो, ती खाऊन कुणी प्यायलं तर हुबेहूब हेच होतं. उद्या मला कुणी विचारलं, की हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत, तर मी काय सांगू?"

२

ऑफिसचा कॉम्प्युटर पाचही जण वापरायचे, त्यामुळे त्यातून काही निघणार नव्हतं. मग माणसंच उरली.

दुसऱ्या दिवशी स्वरदाला गिरणाऱ्याकडच्या बागांतून नमुने आणायचे होते. तिथून ती तशीच पुढे त्र्यंबकेश्वरला धवलच्या घरी गेली. धवलच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंच्या पूजा. ओसरीवर नागपूरकडचं एक कुटुंब ताटकळत बसलेलं, आणि धवल सोवळ्यातच बाहेर आला. त्याने आधी तिच्या हातातल्या कागदी पिशवीकडे पाहिलं, जिच्या तोंडातून देठांची टोकं डोकावत होती.

"कोथिंबिरीच्या काड्या कशाला आणल्यास गं? इथे मिळते की."

स्वरदाने त्याला सरळ विचारलं. धवलला राग आला नाही, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. तो म्हणाला की पान कुणी का लिहिलं असेना, गोष्ट म्हणून उत्तम आहे. त्याच्या घरी येणाऱ्या लोकांची घराणी तो लहानपणापासून ऐकत आलाय, आणि त्यांत बाई येते ती कुणाची तरी बायको म्हणून. तिची स्वतःची हकिकत उरते ती एकतर ती सती गेली तर, नाहीतर तिने कुणाला विष घातलं तर.

"या दोन्हींमधली कुणी लक्षात राहत नाही," तो म्हणाला. "सांजल मधली होती. आता लक्षात राहील."

"मधली राहिली होती लक्षात. म्हणूनच कुणाला तरी ती सहन झाली नाही."

"तुला मीच वाटतो का?"

"तुझ्या वंशावळीतली थोरली सून मालिकेत हवी म्हणून तू कंपनीला दोनदा फोन केलास, धवल."

धवलने जानवं सारखं केलं. हो, फोन केले होते. दोनदा नाही, तीनदा. पण विष वगैरे त्याला सुचलं असतं तर त्याने सरळ धोतऱ्याच्या बिया घातल्या असत्या, त्यात काय एवढं. गुलाबपाणी, लाल फडकी, वेलीचे डोळे, हे सगळं त्याला वाचताना कविता वाटली होती.

कविता. परतीच्या सगळ्या रस्त्यावर स्वरदा तो शब्द दातांखाली चावत होती. वेलीचा डोळा ही कविता नव्हती. बागेतली माणसं कोंबाच्या गाठीला डोळाच म्हणतात. कवितेसारखं वाटावं इतकं जे धवलला परकं होतं, ते लिहिणाऱ्याने रोजच्या बोलण्यासारखं लिहून टाकलं होतं.

३

किशोर सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. मूळचा बागलाणातल्या नामपूरचा, घरी कांदा. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो गेटवर आला, पिशवी तिच्या हातातून घेतली, आत नाक घातलं आणि परत दिली.

"आमच्या कांद्याची पात नाय ही. मेथीबिथी हाय का?"

त्याच्यावरही संशय घ्यायला जागा होती. मालिका सांजलवर ठरल्यामुळे त्याचे सगळे सेनापती कोपऱ्यात गेले होते, आणि मेहविशशी त्याचं त्यावरून वाजलंही होतं. शेतीतला माणूस, फवारणीची औषधं हाताळलेली. स्वरदाने हे त्याला तोंडावर सांगितलं. किशोर चिडला, आणि चिडला की त्याची बोली बागलाणात पोचायची.

"मना काय संबंध शे? मी भांडलो, ते तोंडावर भांडलो. तिचं नाव लावून मागून लिहायला मी काय चोर हाय?" मग जरा थंड होऊन तो म्हणाला, "हे बघा ताई, शेतातली गोष्ट ऐकून लिहिलेली आणि बघून लिहिलेली, यात फरक असतो. त्या पानावर दासींची बोटं लाल झाल्याचं लिहिलंय. ऐकलेल्या माणसाला बोटं नाय सुचत. त्यानं ती बघितली असतील."

"तू बघितलीयेस का कधी?"

"आमच्याकडं कांदा काढताना बोटं काळी होतात. लाल कशानं होतात ते मला नाय माहीत."

स्वरदाला मात्र माहीत होतं. गेली दोन वर्षं ऑक्टोबरात ती अशा बोटांच्या बायकांमधून चालत होती. छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, म्हणजे ते फुटतात. कुठल्या डोळ्याला लावली आणि कुठला राहिला ते दिसावं म्हणून तिच्यात लाल रंग मिसळतात. आणि पेस्ट लावणाऱ्या मजुरांना पहिली ताकीद ही असते की त्या दिवसांत दारूला शिवायचं नाही. शिवलं तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, माणूस आडवा पडतो. शिकलेले, न शिकलेले, द्राक्षाच्या गावात हे पोरासोरांना ठाऊक.

म्हणजे विष मेडिकलच्या गोळीतलं नव्हतंच. ते बागेतलं होतं.

आणि पाचांपैकी बागेतलं कुणीच नव्हतं. एक ती स्वतः सोडून.

४

दुपारी ऑफिसात देवव्रतसरांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि "बोल बाळा" म्हणाले. स्वरदाला त्या 'बाळा'चा तिटकारा होता. पण ते वयाने मोठे, हिमाळ त्यांच्या डोक्यातून निघालेला, आणि कुणाचीही चूक ते जागच्या जागी सुधारायचे, ती वेलांटीची असो की वाऱ्याच्या दिशेची. त्या सवयीने हा देश उभा राहिला, असं सगळेच मानायचे. तीही मानत आली होती.

तिने पिशवी टेबलावर ठेवली. सरांनी ती सहज उचलून बाजूला केली, म्हणजे चहाचा कप नीट ठेवता येईल.

"कळीसमोरचंच पान घेतलंस ना? भलतं घेतलंस तर आकडे भलतेच येतील."

"हो सर, कळीसमोरचंच."

मग ते मेहविशवर आले. पोरगी हुशार आहे, पण घाई झाली तिला. खळबळ माजवून नाव करायचं म्हणून बाई विषारी केली, आणि ज्ञान वापरलं ते दुकानातलं. तिने एक माफीचा मेल लिहावा, मालिकेतून स्वतः बाजूला व्हावं, मग कौन्सिलचं ते बघून घेतील. कंपनीला ते दुसरी गोष्ट देतील. सम्राट अभयंकराची तयार आहे.

"तुम्ही बाड एकत्र केलंत तेव्हा ते पान वाचलं नव्हतंत?"

"चारशे पानं होती, बाळा. माझीच साडेतीनशे. तिच्या आठ ओळी मी कशाला तपासू?"

स्वरदा बाहेर आली ती धुमसतच. लॅबमध्ये तिने देठ चाळणीत काढले, नळाखाली धरले आणि तिथेच थांबली. पाणी वाहत राहिलं.

एकाने कोथिंबीर म्हटलं होतं. एकाने मेथी. तिसऱ्याने हे काय आहे, असं विचारलंच नव्हतं. कारण त्याला विचारायची गरज नव्हती.

५

शनिवारी दुपारी सगळे इंदिरानगरच्या हॉलमध्ये जमले. खुर्च्या मांडायच्या होत्या, संध्याकाळी कार्यक्रम होता. इंदिरा मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मेहविश भिंतीशी उभी होती, कुणी बस म्हटलं नव्हतं म्हणून.

स्वरदाने आधीच सांगितलं की ती कुणावर ओरडणार नाही, आणि तिचा आवाज तेव्हाच चढलेला होता.

"या पानात एक चूक आहे," ती म्हणाली. "अभ्रकगडावर सहा महिने बर्फ असतो. नकाशा सरांचा आहे, हवामान मी ठरवलंय. तिथली द्राक्षवेल थंडीत झोपते आणि ऊन आलं की आपोआप जागी होते. तिचे डोळे कुणाला उठवावे लागत नाहीत. डोळ्यांना काहीतरी लावून वेल उठवतात ती आपल्याकडे, कारण नाशिकच्या थंडीत ती नीट झोपतच नाही. बर्फाच्या देशातल्या दासींच्या हातात हे लाल फडकं आलं कुठून? ज्याने लहानपणापासून वेल अशीच उठताना बघितलीय, त्याच्याकडून. त्याला वेल म्हटली की ते फडकं आलंच. ते आपलं आहे, हे त्याच्या लक्षातही आलं नाही."

"मेहविशने वाचलं असेल कुठेतरी," देवव्रतसर म्हणाले.

"मेहविशला गोळी माहीत आहे. गोळी कुटून अन्नात घालणं तिला सोपं होतं. पेस्टचं तिला मी काल सांगितलं तेव्हा कळलं. मालेगावात माग असतात सर, द्राक्षांचे मांडव नसतात."

सरांनी इंदिरा मॅडमकडे पाहून स्मित केलं. "मग असं पाहिलं तर संशय स्वरदावरच येतो. मी तर कॉलेज रोडचा माणूस. द्राक्षाची बाग मी हायवेवरून पाहिली असेल तेवढीच."

धवल सरांच्या बोलण्यावर मान डोलावत होता. स्वरदाने ते मनावर घेतलं नाही. ती मॅडमकडे वळली आणि पेस्ट कशी लावतात ते सांगू लागली, वर्गात शिकवावं तशी, सावकाश. छाटणी झाली की बायका ओळीने निघतात. प्रत्येक काडी हातात घेतात. बुडापासून टोकापर्यंत एकूण एक डोळ्याला पेस्ट चोपडतात, एकही सोडत नाहीत, कारण सगळे फुटले तरच—

"सगळ्यांना नाही," देवव्रतसर म्हणाले. "शेंड्याकडच्या दोन डोळ्यांना. खालच्यांना लावून कसं—"

हॉलमध्ये खुर्चीचा पाय घासल्याचा आवाज झाला. तो किशोर होता, उठून उभा राहिलेला.

"हायवेवरून लय बारीक दिसतं की सर तुम्हाला," तो म्हणाला.

"मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. बरोबर काय ते पानात कुठेच लिहिलेलं नाही, सर," स्वरदा म्हणाली. "आणि बुधवारी माझी पिशवी बघून तुम्ही कळीसमोरच्या पानाचं विचारलंत. ती पिशवी धवलला कोथिंबिरीची वाटली होती, किशोरला मेथीची. देठ कुठल्या पानाचा घ्यायचा हे बागवाल्यांनाच माहीत असतं. कॉलेज रोडला तुम्ही राहता. पण मूळचे कुठले?"

त्यांनी चष्मा काढला. तो पुसून परत घातला. मग दिंडोरीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं, जे गेल्या सात वर्षांत त्यांच्या तोंडून कुणीच ऐकलं नव्हतं. भाऊ अजून तिथे बाग बघतो, म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज एकदम फाटला.

"आठ ओळी. मी साडेतीनशे पानं लिहिली. राजे लिहिले, युद्धं लिहिली, नद्या वाहवल्या. आणि लोक जिन्यात मला अडवून विचारतात, त्या सांजलचं पुढे काय झालं हो? माझ्या देशात, माझ्याच गडावर, एका कोपऱ्यातली विधवा."

"म्हणून तिच्या हातून लहान मुलं मारलीत?" मेहविश भिंतीपासून पुढे आली होती. "जिने एक मूल मरू दिलं नाही, तिच्याच हातून? आणि वर माझं नाव घातलंत. कौन्सिलला कळवणार होतात. माझी अम्मी दोन दिवस जेवली नाही, सर."

"मेहविश, मी कळवलं नव्हतं. नुसतं म्हणालो होतो."

"नुसतं."

६

धवलने स्वरदाला बाजूला घेतलं. झालं ते झालं, म्हणाला, सर मोठ्या भावासारखे आहेत, आपसात मिटवू, बाहेर कशाला. स्वरदाने त्याला विचारलं की चार दिवस मेहविश एकटी बाहेर उभी होती, तेव्हा हे 'आपसात' कुठे होतं. धवल खुर्च्या मांडायला निघून गेला.

इंदिरा मॅडमनी मेहविशला एवढंच विचारलं की तिला मालिका अजून लिहायची आहे का. मेहविश म्हणाली, हो, पण हिमाळमध्ये नाही. गड सरांचा, नकाशा सरांचा, बर्फ स्वरदाचा. ते त्यांनी ठेवावं. सांजल फक्त तिची आहे आणि ती किल्ली घेऊन निघेल. पुढे कुठे जाते ते मेहविश लिहील. मॅडमनी मान डोलावली आणि मुंबईला कागद पाठवायला सांगितले.

"आणि एक अट," मेहविश म्हणाली. "मॅडम, तुम्हाला नाही. सरांना."

संध्याकाळी हॉल भरला. देवव्रतसर माइकसमोर आले. आधी त्यांनी सांगितलं की कंपनीला गेलेलं सांजलचं पान मेहविशचं नव्हतं, ते त्यांनी स्वतः लिहून तिच्या नावावर घातलं होतं. हॉलमध्ये कुजबुज उठली, मागून कुणीतरी "लाज वाटत नाही का" असं म्हणालं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनी आठ ओळी वाचायला घेतल्या. थोरल्याने मागितली, तिने दिली नाही. मधल्याने मागितली, तिने दिली नाही. इथे ते थांबले. त्यांनी वर पाहिलं, जणू आता पुरे असं कुणीतरी म्हणेल.

मेहविश पहिल्या रांगेत बसली होती.

"पुढे वाचा," ती म्हणाली.

त्यांनी पुढे वाचलं.

स्वरदाला वाटलं होतं की आता राग उतरेल. तो उतरला नाही. मांडीवरच्या पिशवीत सोमवारी तपासायचे नवे देठ होते. तिने पिशवीचं तोंड दुमडून घट्ट धरलं आणि शेवटची ओळ संपेपर्यंत देवव्रतांच्या तोंडाकडे एकटक पाहत राहिली.